एकदा गायलेला माणूस

आर्सेसिओ मेनाच्या केशकर्तनाच्या दुकानात सोमवारी कुत्रंसुद्धा फिरकत नसे. सोमवार हा मृतात्म्यांचा वार. त्या दिवशी मेलेल्या माणसासमोर मान वाकवून वस्तरा फिरवून घेणं म्हणजे जरा अतीच झालं, असं सान बेनितोतल्या पुरुषांचं मत होतं. मंगळवारी मात्र हेच पुरुष बाकावर ओळीनं बसलेले असत, कारण दुसरा न्हावी गाठायचा तर आत्रातो नदीतून अर्धा दिवस होडी हाकावी लागे. भीती कितीही मोठी असो, आळस तिच्यापेक्षा चार बोटं उंचच असतो.

"हात गार आहेत रे त्याचे," खुर्चीतून उठलेला माणूस बाहेर येऊन हमखास सांगायचा.

"किती गार?"

"माशाच्या पोटासारखे."

ऐकणारे समाधानानं मान हलवायचे. त्या नदीकाठी लाकडी भिंतींनासुद्धा घाम फुटतो. आर्सेसिओ दर गिऱ्हाइकाआधी हात बादलीतल्या पाण्यात बुडवून, झटकून मग वस्तरा उचलायचा. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाले, पण बादली कोणाच्या नजरेत भरली नाही. लक्षात राहायचा तो गारवा.

गावात त्याला कोणी आर्सेसिओ म्हणत नसे. 'मयत' म्हणत. त्यात वाईट हेतू नव्हता, लंगड्याला लंगडा म्हणावं तितकंच. "मयताकडे जाऊन ये, कानांवर रान वाढलंय." "मयताला म्हणावं, दोन अंडी पाठवलीत, उकडून खा." तोही ओ द्यायचा. पहिली काही वर्षं दिली नव्हती, मग दिली. माणसाला हाक मारणारं कोणीतरी लागतं, हाक कुठली का असेना.

हे नाव त्याला चिकटलं ते तो गावात आला त्याच सकाळी. किंबहुना तो शुद्धीवर यायच्या आधीच.

त्या सकाळी सगळं सान बेनितो धुतलेले पांढरे कपडे घालून घाटावर उभं होतं. एतेल्वीनाचा नवरा एराक्लिओ लाकडाचे ओंडके सोडायला गेला होता तो पाण्यात गेला, आणि कैक दिवसांनी निरोप आला की खालच्या अंगाला प्रेत सापडलंय, आज होडीनं धाडतो. एतेल्वीनाचं तेव्हा वय काय, विशीची पोर. पण गळा असा की गावातल्या म्हाताऱ्या गायिका तिच्यासमोर खाली बसायच्या. मेलेल्याला निरोपाची गाणी गाऊन वाटेला लावायचं, ही आत्रातोकाठची जुनी रीत. सान बेनितोत तिच्यात आणखी एक रीत आहे. प्रत्येक गायिका एक गाणं स्वतःच्या घरासाठी राखून ठेवते. ते ती परक्या मयताला देत नाही, आणि ज्याला दिलं त्याला पुन्हा देत नाही. निरोप एकदाच. दुसऱ्यांदा गायलं की ते गाणं रिकाम्या हातानं परत जात नाही, घरातलंच दुसरं कोणी घेऊन जातं.

एक होडी आली. काठाला बांधून तिचा मालक गुमेर्सिंदो तडक उसाच्या दारूच्या दुकानाकडे गेला. होडीच्या तळाशी पांढऱ्या मच्छरदाणीत गुंडाळलेला एक लांबसडक माणूस होता, बाहेर आलेले पाय मेणासारखे पिवळे. बुडालेल्याचं तोंड पहिलं गाणं होईपर्यंत उघडायचं नाही. पाण्यानं त्याची काय दशा केलीय ते लोकांनी पाहिलं तर आत्म्याला लाज वाटते. म्हणून कोणी जाळी वर केली नाही. आठ जणांनी त्याला झोळीतून वर आणलं, घरात टेबलावर निजवलं, आणि एतेल्वीनानं आपलं राखलेलं गाणं लावलं. अख्खं म्हटलं. शेवटच्या ओळीला भिंतीबाहेर उभे असलेले पुरुषही रडत होते.

मग तिनं जाळी वर केली.

टेबलावरच्या माणसानं डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथे प्यायला काही मिळेल का?"

घर असं रिकामं झालं की दोन खिडक्यांच्या चौकटी निखळल्या. आपण उडी मारली नव्हती, दारानंच गेलो, असं आजही प्रत्येक जण सांगतो. मग खिडक्या कोणी मोडल्या हे कोडंच आहे.

हिवतापानं बेशुद्ध झालेला एक प्रवासी, डास चावू नयेत म्हणून गुंडाळलेला. दुपारी गुमेर्सिंदोला शोधून सगळ्यांनी फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, "मला कोणी विचारलं का? तुम्ही इतक्या प्रेमानं उचललंत, मला वाटलं पाहुणा आहे तुमचा." संध्याकाळी खरी होडी आली. खालच्या गावकऱ्यांनी पाठवलेलं प्रेत म्हणजे फुगलेलं वासरू होतं. एराक्लिओ सापडला नाही तो नाहीच.

महिनाभरानं आर्सेसिओच्या अंगात बळ आलं. निघतो म्हणाला. पण मयताला होडीत घ्यायला कोण तयार होणार? गुमेर्सिंदोनंसुद्धा हात जोडले. "एकदा आणलं ते पुष्कळ झालं, बाबा." आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्यानं एका ओसरीवर आरसा टांगला, कोणाची तरी दाढी केली, आणि तिथेच राहिला.

पहिली नजर म्हणजे ओल्या सिमेंटवर उमटलेला कोंबडीचा पाय. नंतर त्यावरून बैल गेले, बायका-पोरं गेली, पुराचं पाणी गेलं, तरी दिसतो तो कोंबडीचा पाय. आर्सेसिओ कमी जेवला तर लोक म्हणत, मेलेल्याला भूक कसली. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं तर म्हणत, बघा, तिकडे उपाशी ठेवतात. एका पावसाळ्यात पास्तोराची लेक उलटलेल्या होडीखाली अडकली, तेव्हा ह्या माणसानं भोवऱ्यात उडी घेऊन तिला केसांना धरून काढलं. दुसऱ्या कोणाचा त्यांनी पुतळा उभारला असता. आर्सेसिओबद्दल पास्तोरा एवढंच म्हणाली, "त्याला काय भीती? नदीनं त्याला एकदा घेतलंय, पुन्हा कशाला घेईल?" वास्तविक नदीनं त्याला घेतलंच नव्हतं. घेतलं होतं एराक्लिओला. पण लोकांच्या मनात ती दोन माणसं त्या टेबलावर एकमेकांत अशी मिसळली होती की आता वेगळी करायची कोणी?

म्हाताऱ्या त्याच्याकडे निरोप घेऊन यायच्या, तेही दार अर्धं लोटून.

"मयता, तिकडे माझी आई भेटली होती का रे तुला? ठेंगणी, डाव्या गालावर मस?"

"मी तिकडे गेलोच नव्हतो, आजी. ताप होता मला."

"बरं बरं, सांगायची बंदी असेल. भेटली तर म्हण, डुक्कर विकलं. विकू नको म्हणत होती, पण विकलं."

सुरुवातीला तो चिडायचा. नंतर "सांगतो" म्हणू लागला. आणि त्याहीनंतर, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, दुपारी बाकावर डोळा लागला की त्याला गालावर मस असलेली ठेंगणी बाई दिसू लागली. ती डुकराची चौकशी करायची.

गावात त्याला जिवंत समजणारं माणूस अगदी उशिरा आलं. आरोग्यकेंद्रावर मेदेयीन शहरातून यामीले नावाची नर्स रुजू झाली. होडीतून उतरली तेव्हा आर्सेसिओ घाटावर उभा राहून एका गाढवाला शिव्या देत होता. शिव्या इतक्या ताज्या आणि रसरशीत होत्या की तिला हसू आवरेना. झालं, तिच्या डोक्यात तो माणूस तसाच बसला. लोकांनी तिला टेबल सांगितलं, मच्छरदाणी सांगितली, गार हात सांगितले. ती म्हणायची, "असेल, पण गाढवाला काय सुंदर बोलतात ते!" तिच्यावर कशाचाच परिणाम होईना. लोक आपसात म्हणाले, हट्टी आहे पोरगी, एकदा मनात बसलं की हलत नाही. हे म्हणताना कोणालाही स्वतःचं हसू आलं नाही.

ह्या यामीलेनंच एका सकाळी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"काका, हृदय वाढलंय तुमचं. दमलंय. शहरात जायला हवं."

"गेलो तर बरं होईल?"

ती नळी गुंडाळत राहिली. तिला खोटं बोलता येत नसे.

तासाभरात गावभर झालं. "मयताला हृदय आहे म्हणे!" "आहे कसलं, वाढलंय!" डॉमिनो खेळणाऱ्यांनी त्यावर सोंगट्या आपटून घेतल्या. आर्सेसिओ मात्र दुकानात खुर्चीवर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, बसला होता. मरणाची त्याला धास्ती नव्हती. त्या गावात इतकी वर्षं राहून मरणाशी त्याची बरीच सलगी झाली होती. त्याला एकच गोष्ट खात होती. आपण गेलो तर गाणार कोण? आपलं गाणं होऊन गेलंय. नऊ रात्रींचं जागरण नाही, मयतासाठी मांडतात ते पायऱ्यांचं मखर नाही, निरोप नाही. ज्याच्यासाठी कोणी गायलं नाही तो माणूस कुठे जात नाही, हे तर ह्या काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. आज निदान लोक दाढीला येतात. उद्या तो ह्याच ओसरीवर उभा राहील आणि कोणाला दिसणारही नाही.

तो एतेल्वीनाकडे गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती मागच्या पडवीत, पाण्यावर पाय सोडून, बोकाचिको मासे साफ करत बसली होती. पुन्हा लग्न केलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक मयताला तिनं गायलं होतं, ह्या एका मयताशी मात्र शब्दही बोलली नव्हती.

"एतेल्वीनाबाई, एक मागणं आहे."

"मेलेल्याचं मागणं मेणबत्तीनं भागतं," ती मान वर न करता म्हणाली. "दुकानात मिळते."

"मी गेल्यावर माझ्यासाठी कोण गाणार?"

"तुझं गाऊन झालंय."

"ते माझं नव्हतं. एराक्लिओचं होतं." नाव ऐकताच सुरी थांबली. "चुकून माझ्या अंगावर पडलं. दुसऱ्याचा सदरा घालून जन्म काढला मी, बाई. तो उतरवून द्यायचाय. त्याच्यासाठी मखर मांडा, नऊ रात्री बसा, गाणं ज्याचं त्याला द्या. म्हणजे माझा हिशेब कोरा होईल. मी मेलो की मग तुम्हाला साधं, रोजचं, कुठलं तरी गाणं म्हणता येईल. मला राखलेलं नको."

"प्रेताशिवाय मखर मांडू? त्याचं प्रेत आहे कुठे?"

"माझं तरी कुठे होतं?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू बाहेर आलं नाही. तिनं त्या माशाचे उरलेले खवले काढले. मग म्हणाली, "त्या दिवशी सगळे पळाले. मी का पळाले नाही, ठाऊक आहे?"

"तुम्ही माझं मनगट धरलं होतंत. आठवतं मला."

"मला वाटलं, तो उठला." ती माशाशीच बोलत होती. "डोळे उघडलेले दिसले, बाकी तोंड जाळीच्या सावलीत होतं. एक श्वासभर माझा नवरा जिवंत होता. एवढा आनंद माणसाला होऊ नये रे. मग तू तोंड उघडलंस आणि आवाज भलताच निघाला." तिनं मासा बाजूला ठेवला. "आजही तू रस्त्यानं येताना दिसलास की आधी तो दिसतो. मग तू. रोज. त्या एका श्वासासाठी मी रस्त्याकडे बघते. मखर मांडलं तर तो जाईल. आणि मग मी काय बघू?"

आर्सेसिओ जायला वळला. दाराशी थांबला.

"मलाही तोच दिसतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"आरशात. सकाळी दुकान उघडलं की. आधी तो, मग मी. केस ओले असतात त्याचे."

ती उठून उभी राहिली. हाताला माशाचं रक्त तसंच. "भुवईवर खूण आहे?"

"डाव्या," आर्सेसिओ म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. पण खरं बोलत होता का, हेही त्याला सांगता आलं नसतं. त्या खुर्चीत बसून गावातल्या प्रत्येक डोक्यानं एराक्लिओबद्दल काही ना काही सांगितलं होतं. त्यात भुवईही येऊन गेली असेल. किंवा नसेल. आरशात मात्र ती होती.

"दमला असेल बिचारा," एतेल्वीना म्हणाली. "फळ्या आण जा. मखराला सात लागतील."

गावानं आधी तोंडात बोटं घातली आणि मग कॉफी, ब्रेड, चीज घातलेला भात आणि दारूच्या बाटल्या घेऊन हजेरी लावली. नऊ रात्री फुकट डॉमिनो खेळायला मिळत असतील तर तत्त्वं थोडी सैल करावीत. मखर पांढऱ्या चादरींनी मढवलं, वर काळ्या फितीचं फुलपाखरू लावलं, आत्म्याला तहान लागली तर म्हणून खाली पाण्याचा पेला ठेवला. आर्सेसिओ दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रोज रिकामी राही.

शेवटच्या पहाटे मखर उतरवायच्या आधी एतेल्वीना उभी राहिली आणि तिनं ते गाणं लावलं. ज्यांनी पूर्वी ऐकलं होतं त्यांच्या अंगावर काटा आला, कारण आवाज म्हातारा झाला होता पण चाल तीच होती, विहिरीत पोहरा उतरावा तशी खाली खाली जाणारी. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर ती थांबली.

आधी लोकांना वाटलं, हुंदका असेल. पण तिचे ओठ हलत होते आणि पुढची ओळ येत नव्हती. त्या सकाळनंतर तिनं ते कधी म्हटलंच नव्हतं, मनातसुद्धा नाही. ओळ पुसली गेली होती. मेणबत्त्या तडतडत राहिल्या. अर्धवट राहिलेला निरोप हा न दिलेल्यापेक्षा वाईट, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला ओळ माहीत नव्हती.

दाराजवळून आवाज आला. जाडाभरडा, बेसूर, न्हाव्याचा.

*होडी सोड रे, दोर ओला,*
*काठ तुझा हा नाही आता...*

आर्सेसिओनं ते गाणं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, तापात, मच्छरदाणीच्या आतून. त्याच्या जन्मात कोणी त्याला उद्देशून इतकं सुंदर काही म्हटलं नव्हतं. त्यातला शब्दन् शब्द त्यानं ठेवून घेतला होता, आणि चोरीचा माल म्हणून कधी तोंडाबाहेर काढला नव्हता. खरं सांगायचं तर त्या टेबलावर तो थोडा आधीच शुद्धीवर आला होता. गाणं संपेपर्यंत त्यानं डोळे मुद्दाम उघडले नव्हते.

एतेल्वीनानं त्याच्याकडे पाहिलं, ओळ उचलली आणि शेवटापर्यंत नेली.

मग फुलपाखरू काढलं, चादरी उतरल्या, मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. आत्म्याला बाहेर जायला वाट द्यायची म्हणून लोक दोन्ही बाजूंना सरले, दार उघडलं. बाहेर नदीवर राखाडी उजेड होता. नियम असा की त्या वेळी सगळ्यांनी जमिनीकडे पाहायचं. कोणी पाहिलं नाही. साऱ्या गावाचे डोळे आर्सेसिओवर लागले होते, आणि त्या डोळ्यांत शांत, समजूतदार वाट पाहणं होतं. आता हा जाईल.

आणि त्याचे पाय हलले. त्यानं हलवले नाहीत. तो स्टुलावरून उठला, एक पाऊल उंबऱ्याकडे गेलं, दुसरं गेलं. पाण्याचा वास आला. इतकी सगळी माणसं इतक्या खात्रीनं बघत असली की शरीरालाही वाटतं, ह्यांना काहीतरी माहीत असणार. यामीले तोंडावर हात ठेवून उभी होती. गालावर मस असलेली ठेंगणी बाई बाहेर घाटावर दिसली, का तो ओंडका होता?

"खाली बसा हो," एतेल्वीना म्हणाली. "वाटेत उभे राहिलात तर तो कसा जाणार?"

तो बसला. कोणीतरी गेलं असावं, कारण दार थोडं हललं. वारा नव्हता.

लोक पांगले. घरी पोचेपर्यंत गावाचा निकालही लागला होता. "आधी गायलेला मयत होता, आता न गायलेला झाला," पास्तोरा म्हणाली. "आता तर जास्तच जपून राहायला हवं." सोमवारी दुकान ओस, मंगळवारी बाकावर गर्दी, हात गार. त्यात काडीचा फरक पडला नाही, पडणारही नाही.

पण ते नंतरचं. त्या पहाटे घरात दोघंच उरली होती. एतेल्वीना फळ्या रचत होती, मध्येच तिनं वर पाहिलं आणि बघतच राहिली. नजर आरपार जात नव्हती, वाटेतल्या माणसावर येऊन थांबत होती. नाक रुंद, कान मोठे, हनुवटीवर पांढरे खुंट. न्हावी असून स्वतःची दाढी नीट करत नाही हा, हे तिला आज दिसलं. चेहरा तिच्या कुठल्याच ओळखीचा नव्हता. तिला जरा भीतीच वाटली.

"तुम्ही मूळचे कुठले?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला सान बेनितोत कोणी विचारला नव्हता. तो सावरून बसला. "वरच्या अंगाला, उपनदीवर," तो म्हणाला. "आमचं घर वळणावर होतं. दाराशी ब्रेडफ्रूटचं झाड."

"घरी कोण कोण होतं?"

"आई. दोन बहिणी."

"आई दिसायला कशी होती?"

त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा जी आली ती ठेंगणी होती, डाव्या गालावर मस असलेली. ती नव्हे. तिच्यामागे आणखी एक होती, तिच्यामागे आणखी, साऱ्या गावाच्या आया दाटीवाटीनं उभ्या. आर्सेसिओनं डोळे मिटले आणि एकेकीला हातानं बाजूला करावं तसा तो कपाळाला आठ्या घालून शोधू लागला.

"थांबा हं," तो म्हणाला. "आहे ती. मागे आहे."

एतेल्वीनानं हातातली फळी खाली ठेवली आणि ती थांबली.